मधले पाच दिवस : मुंबईत नोकरी-घर सांभाळून कथकचा रियाज टिकवायचा कसा

आठवड्यातून दोनदा क्लासला जाणं तसं जमून जातं. फी भरलेली असते, शिकवणाऱ्या ताई वाट बघत असतात, मैत्रीण व्हॉट्सअॅपवर ‘निघालीस का?’ म्हणून विचारते. नाच टिकणार की सुटणार हे ठरतं मधल्या पाच दिवसांत, जेव्हा विचारणारं कुणी नसतं. क्लासमध्ये तोडा, म्हणजे नाचाची छोटी बांधीव रचना, समजतो. अंगात उतरतो तो घरी. ज्यांचं घरचं काही होत नाही, ते दर मंगळवारी गेल्या मंगळवारच्याच जागेवरून सुरुवात करतात. मग कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याला ‘वेळ मिळत नाही’ असं नाव पडतं. माझ्या पाहण्यात वेळेपेक्षा दिवसाच्या मांडणीची अडचण जास्त असते, आणि ती मांडणी बसवता येते.

तिशी-चाळिशीत, अगदी पन्नाशीतही, मुंबईत पहिल्यांदा कथक शिकायला उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. भरतनाट्यम किंवा ओडिसी शिकत असाल तर बोल (तोंडाने म्हणायचे ‘ता थेई’सारखे शब्द) आणि पदन्यास बदलतील, बाकीचं बरंचसं तसंच लागू पडेल.

क्लास कुठे घ्यायचा

घराजवळचा क्लास सोयीचा, असं सगळे सांगतात. नोकरी करणाऱ्यांनी मात्र क्लास कामावरून परतीच्या वाटेवर आणि स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर शोधावा. फोर्टला नोकरी आणि मुलुंडला घर असेल तर दादर किंवा घाटकोपर चालेल. मुलुंडला उतरून, घरी जाऊन, चहा घेऊन पुन्हा बाहेर पडायचं म्हटलं की निम्मे दिवस तिथेच बुडतात. एकदा घरात पाऊल टाकलं की कुकर, अभ्यास, सासूबाईंचं औषध असं सगळं समोर उभं राहतं. तेव्हा कपडे आणि पाण्याची बाटली सकाळीच पिशवीत भरून न्यायची. सुती कुर्ता, सलवार किंवा चुडीदार आणि कमरेला घट्ट बांधता येईल अशी ओढणी पुरेशी आहे. नवीन ड्रेस शिवून घ्यायची काही गरज नाही.

नाव घालण्याआधी एक तास नुसतं बसून बघायची परवानगी मागा. बहुतेक ठिकाणी देतात. तिथे बसल्यावर दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे मोठ्या वयाच्या विद्यार्थिनीचा पाय चुकला तर गुरू थांबून दुरुस्त करतात का, की लहान मुलींच्या मागे तिला नुसतं उभं करून ठेवतात. दुसरं म्हणजे हाताने ताल देत बोल म्हणणं, म्हणजे पढंत, रोज होते का. पढंत न करून घेणाऱ्या क्लासमध्ये मी तरी नाव घातलं नसतं. फी किती, परीक्षेचे आणि वार्षिक कार्यक्रमाच्या पोशाखाचे पैसे वेगळे का, बुडलेला तास भरून मिळतो का, हे सगळं पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारून घ्यावं. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

घराणं लखनौचं की जयपूरचं, याचा विचार पहिल्या वर्षी करू नका. कुठलंही चालेल, पण गुरू एक धरा. तीन ठिकाणच्या कार्यशाळा करून तीन तऱ्हेचे हस्तक (हातांच्या ठरावीक हालचाली) हातात बसले की ते सोडवायला पुढे फार वेळ जातो.

पहिले तीन महिने

पहिले तीन महिने तत्कार, म्हणजे पायांनी ताल वाजवणं, आणि हस्तक यांतच जातात. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजवा-डावा-उजवा-डावा, मग डावा-उजवा-डावा-उजवा. इतकंच. आपण नाच शिकायला आलो आणि हे काय कवायत करतोय, असं वाटणारच. जे सोडून जातात त्यांतले बरेच जण याच टप्प्यावर सोडतात. पण पुढचं सगळं, तोडे, परण (पखवाजाच्या बोलांवरच्या रचना), चक्कर (गिरक्या), अगदी अभिनयातलं उभं राहणंसुद्धा, या पायांवरच उभं असतं. या काळात स्वतःला रंगमंचावर कल्पू नका. दोन्ही पायांचा आवाज सारखा येतोय का, एवढ्यावरच लक्ष ठेवा. डावा पाय बहुतेकांचा मऊ पडतो. डोळे मिटून ऐकलं की लगेच कळतं.

घरातली जागा आणि खालच्या मजल्यावरच्या काकू

मुंबईच्या घरात वेगळी खोली कुणाला मिळणार? हात पसरून स्वतःभोवती एकदा फिरता आलं की तेवढी जागा बास. टीपॉय कोपऱ्यात सरकवला की हॉलमध्ये ती होते. जागा मात्र रोज तीच ठेवा. रोज वेगळ्या खोलीत, वेगळ्या कोपऱ्यात करू म्हटलं की ते होत नाही.

खरा प्रश्न आवाजाचा. आपल्या इमारतींत फरशीखाली थेट स्लॅब असतो, त्यामुळे तत्कार खालच्या घरात छतावर ठोकल्यासारखा ऐकू येतो. तक्रार वर येण्याआधी आपणच खाली जावं. ‘काकू, मी कथक शिकायला लागलेय. सकाळी साडेसात ते आठ पायांचा आवाज येईल. बाळाची झोपायची किंवा काकांच्या आरामाची वेळ असेल तर सांगा, मी पुढेमागे करीन.’ एवढं आधी सांगितलं की माणसं किती समजून घेतात ते बघा. पुढे एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर ‘आज बरं नाही का गं?’ म्हणून त्याच विचारतात.

आवाज कमी करायचा एक उपाय म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट जाड प्लायचा तुकडा. सुतार कडा घासून देतो. त्याखाली रबरी चटई घाला आणि वर अनवाणी उभ्या राहा. पायालाही हे बरं, कारण काँक्रीटवरची फरशी धक्का अजिबात शोषत नाही. नुसत्या मऊ चटईवर तत्कार करू नका; घोटा डगमगतो. चक्करही प्लायवर नको, कडेवरून पाय घसरतो. ते फरशीवर, फरशी कोरडी पुसून. सोसायटीची गच्ची उघडी असेल तर रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तिथे घुंगरू बांधून करता येतं. सेक्रेटरींना आधी विचारून ठेवा.

वेळ ठरवण्याबद्दल

‘जमेल तेव्हा’ ही वेळ कधीच येत नाही. रोजच्या ठरलेल्या एखाद्या कामाच्या शेपटाला रियाज बांधायचा. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी येतं. पाणी भरून झालं की तत्कार, असं ठरलं म्हणजे घड्याळ बघावं लागत नाही. कुणाचं मूल शाळेच्या बसमध्ये चढलं की पुढची पंचवीस मिनिटं मोकळी असतात. कुणाला रात्री जेवणाआधी बरं पडतं. वेळ कोणतीही असो, ती कशाच्या तरी मागोमाग आपोआप आली पाहिजे. करू की नको हा विचार जितक्या वेळा करावा लागेल, तितक्या वेळा ‘नको’ जिंकण्याची भीती.

घरच्यांनाही ही वेळ स्पष्ट सांगून ठेवा. ‘या वयात नाच?’ हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच. त्याला उत्तर शोधत बसू नका. पंचवीस मिनिटं दाराची बेल दुसऱ्याने उघडायची, एवढं घरात ठरलं की पुष्कळ झालं.

पंचवीस मिनिटांत काय करायचं

भूमिप्रणाम करा. मग दोन-तीन मिनिटं घोटे फिरवणं, पोटऱ्या ताणणं, खांदे मोकळे करणं. थेट तत्काराला भिडू नका.

त्यानंतर दहा मिनिटं तत्कार. फोनवर तबला आणि लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) वाजवणारी अॅप मिळतात. तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा (ठोक्यांचा) ताल, लावा आणि लय मिनिटाला ६० मात्रांवर ठेवा. म्हणजे एका सेकंदाला एक मात्रा, १६ सेकंदांत एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी. पाच मिनिटांत १८ आवर्तनं होऊन थोडं वर उरतं. ही पाच मिनिटं नुसती बराबर लयीत, मात्रेला एक पाऊल. तळवा सपाट पडू दे, पाय जमिनीपासून फार वर उचलू नका, गुडघे वाकवू नका, टाच आपटू नका. मग तीन मिनिटं दुगुन, मात्रेला दोन पावलं. चौगुनीत मात्रेला चार पावलं, म्हणजे आवर्तनाला ६४ येतात. ती दोन मिनिटं, आणि तीसुद्धा पाय स्वच्छ पडत असतील तरच. आवाज चिकटायला लागला की पुन्हा दुगुनीत या. ६० वर स्वच्छ झाल्याशिवाय अॅपचा आकडा वाढवू नये. नवशिक्यांना वेगाची फार ओढ असते, पण वेगात चूक झाकली जाते आणि झाकलेली चूक पक्की होते.

पुढची पाच मिनिटं आरशासमोर हस्तक. आरसा नसेल तर फोन टेकवून चित्रीकरण करा आणि एकदाच बघा. कोपर पडतंय का आणि नजर हाताबरोबर जाते आहे का, एवढंच तपासा. उरलेला वेळ क्लासमध्ये शिकवलेल्या एका तोड्याला द्या. आधी तोंडाने म्हणायचा, मग उभ्याने संथ करायचा. एकच तोडा. तीन तोडे अर्धवट करण्यापेक्षा एक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, नेऊन सोडलेला फार मोलाचा.

आणि ज्या दिवशी यातलं काहीच होणार नाही, त्या दिवसासाठी एक किमान रियाज आधीच ठरवून ठेवा. माझ्या मते पाच मिनिटं बराबर तत्कार आणि एका तोड्याची पढंत, इतकं बास. अंगात ताप असेल, पाळीत पोट दुखत असेल, तर बसून नुसती पढंत करा. किमान रियाज हा कमी प्रतीचा रियाज समजू नका. धागा त्यानेच तुटत नाही.

गाडीतली पढंत

मुंबईकरांकडे प्रवासाचा वेळ भरपूर आहे, आणि कथकला हात-पाय न हलवता करण्यासारखं खूप काही आहे. चार बोटं घ्या. प्रत्येक बोटावर तीन पेरं आणि एक टोक, म्हणजे चार चोक सोळा. अंगठा एकेका जागेवर टेकवत गेलं की तीनतालाचं आवर्तन मुठीतल्या मुठीत पुरं होतं. गर्दीत हात वर करायला जागा नसली तरी अंगठा हलतो. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे तिथे टाळी नाही. तर्जनीपासून मोजलं तर प्रत्येक बोट म्हणजे एक विभाग, आणि तिसऱ्या बोटाची सुरुवात ही खाली. आधी हे इतकं सवयीचं करा की कुणी मध्येच विचारलं तरी आपण कोणत्या मात्रेवर आहोत ते सांगता यावं.

मग तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा म्हणून समेवर येणं. पाच मात्रांचा एक बोल घ्या, समजा ‘ता थेई थेई तत् थेई’. तो म्हणा, एक मात्रा थांबा, पुन्हा म्हणा, एक मात्रा थांबा, तिसऱ्यांदा म्हणा. ५ + १ + ५ + १ + ५ म्हणजे १७. पहिल्या मात्रेपासून सुरू केलं तर शेवटचा ‘थेई’ सतराव्या मात्रेवर, म्हणजेच पुढच्या समेवर येतो. अंगठा परत पहिल्या पेरावर आणि ओठावर ‘थेई’, हे जुळलं की आनंद होतो, मग शेजारची बाई बघत असली तरी. आता थांबण्याची मात्रा काढून टाका, बोल १५ मात्रांतच संपेल. मग तो कितव्या मात्रेपासून उचलला तर समेवर येईल? बोरिवली येईपर्यंत उत्तर निघतं. (तिसऱ्या.) असं करता करता ताल कागदावरून अंगात येतो.

क्लास सुटल्यावर गाडीत बसायला मिळालं की त्या दिवशीचे बोल वहीत लिहून काढा. घरी गेल्यावर लिहू म्हटलं तर अर्धे विसरलेले असतात. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर ताईंना विचारून करा, आणि ते कुठे पाठवू नका.

घुंगरू

पहिल्याच महिन्यात घुंगरू विकत घ्यायची घाई करू नका. घुंगरांच्या नादात कच्चा पाय ऐकू येत नाही. ताई सांगतील तेव्हा घ्या. सुरुवातीला साधारण एका पायात पन्नास, पुढे शंभर, मग दीडशे. कथकचे घुंगरू सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले असतात. विकत घेताना दोरी ओढून बघा, गाठी सरकता कामा नयेत, आणि एकेक घुंगरू हलवून आवाज एकसारखा आहे ना ते ऐका.

बांधताना खाली बसा. पायाला आधी सुती पट्टी गुंडाळा, नाहीतर कातडी सोलवटते. दोरीचं एक टोक घोट्याच्या हाडाच्या वर धरायचं आणि वेढे खालून वर, एकाला एक चिकटून घेत जायचं. मध्ये फट राहिली की तिथे दोरी घसरते आणि सगळी माळ घोट्यावर येऊन बसते. शेवटचं टोक आत खोचून गाठ मारा. उभं राहून दोनदा पाय आपटा. घुंगरू वाजले पाहिजेत, सरकले नाही पाहिजेत. पावलाला मुंग्या आल्या तर फार आवळलंय, सोडून पुन्हा बांधा. मन लावून केलं तर ही दहा मिनिटं रियाजाचाच भाग होतात.

पावसाळ्यात दोरी दमट होते, पितळ काळवंडतं, आतली लोखंडी गोळी गंजते. नाचून झाल्यावर घुंगरू वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवा आणि कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको.

दुखणं कोणतं चालवून घ्यायचं

दोन्ही पोटऱ्या सारख्या भरून येणं आणि दोन दिवसांत उतरणं, हे चालायचंच. एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि नाचल्यावर ते वाढत असेल, तर तत्कार बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. नडगीच्या आतल्या कडेचं दुखणं आणि सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत येणारी कळ ही दोन दुखणी अंगावर काढू नका. गुडघ्यांचा जुना त्रास, रक्तदाब किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर नाव घालतानाच ताईंना सांगा.

जेवल्यावर दोन तास नाचू नये, पण ऑफिसमधून थेट उपाशीपोटीही जाऊ नये. एक केळं किंवा मूठभर फुटाणे पुरतात. इथल्या दमट हवेत घाम फार जातो, तेव्हा पाणी तहान लागायच्या आधी.

वर्षातले घसरणीचे दिवस

जुलैत गाड्या बंद पडतात, मग गणपती, मग दिवाळी, मार्चअखेरची कामं, मेमध्ये गाव. यातलं काहीही अचानक येत नाही. कॅलेंडर घेऊन हे दिवस आधीच खुणा करून ठेवा आणि तेवढ्या काळापुरता फक्त किमान रियाज करायचा, असं ठरवूनच टाका. गावच्या घरी ओटी असते आणि खाली मजलाही नसतो. तिथे उलट मोकळेपणाने पाय वाजवता येतात. सगळ्यात निसरडा काळ मात्र वार्षिक कार्यक्रमानंतरचे पंधरा दिवस. महिनाभर धावपळ झालेली असते, टाळ्या मिळालेल्या असतात, आणि पुढे काही ठरलेलं नसतं. म्हणून पुढचा धडा काय, हे कार्यक्रमाच्या आधीच ताईंना विचारून ठेवा.

परीक्षा द्यावी का, असं बरेच जण विचारतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद, प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण अशा दोन. म्हणजे विशारद पूर्णपर्यंत सात. प्रौढ विद्यार्थ्यांनी पहिल्या दोन-तीन तरी जरूर द्याव्यात असं मला वाटतं. प्रमाणपत्राचं काय करायचं हा प्रश्न बाजूला ठेवा. तारीख समोर असली की मधले पाच दिवस आपोआप भरतात, आणि पढंत न चुकता करावी लागते. तेच सतत परीक्षेपुरतंच नाचणं होऊ लागलं तर एखादं वर्ष फॉर्म भरू नका.

महिन्यातून एकदा तरी कुणाचा तरी नाच समोर बसून बघा. मुंबईत त्याची वाण नाही. नरिमन पॉइंटचं एनसीपीए, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, आणि काळा घोडा महोत्सवात तर विनामूल्य. सितारादेवी आणि गोपीकृष्ण यांच्यासारखे कलावंत याच शहरात राहिले, नाचले. इथल्या प्रेक्षकांना कथक नवं नाही. बसताना शक्यतो पुढे बसा, म्हणजे पाय दिसतात. मांडीवर बोटांनी ताल धरा आणि सम कुठे येते ते स्वतः पकडा. पडद्यावर हजारदा पाहिलेली गोष्ट तबल्यासमोर प्रत्यक्ष बघितली की दुसऱ्या दिवशी आपोआप लवकर जाग येते.

खंड पडला तर

पडेलच. आजारपण, मुलांची दहावी, घर बदलणं. महिना गेला, दोन महिने गेले, की ताईंना तोंड कसं दाखवायचं या विचारात आणखी सहा महिने जातात. तेव्हा आधी फोन करा. ‘ताई, मी सोमवारपासून येतेय, पाय सुटलेत’ इतकं सांगितलं की पुरे. कारणांची यादी त्यांना नको असते. पहिला आठवडा घुंगरू नको, चक्कर नको, चौगुन नको. लय ६० वरून ५० वर आणा आणि बराबर तत्कार दहा मिनिटांपुरताच ठेवा. दुसऱ्या आठवड्यात दुगुन आणि एक जुना, पक्का बसलेला तोडा. नवीन काही तिसऱ्या आठवड्यापासून घ्या, आणि वर्ग पुढे गेला असेल तर तो भाग मागाहून वेगळा शिकवाल का, असं ताईंना विचारा. बहुतेक जणी आनंदाने शिकवतात.